लिस्बनमधे खायचं कुठे? (सासूबाई माळकरी, नवरा मालवणी)

चिमणीचं_घरटं

नमस्कार मंडळी,
जूनमधे लिस्बनला चाललोय, १० ते १५. मी, नवरा, लेक (वय ९) आणि सासूबाई. तिकिटं झाली, हॉटेल झालं (बायशा भागात, मधोमध आहे म्हणून घेतलं), बघायच्या जागांची यादी नवऱ्याने एक्सेलमधे करून ठेवलीय. राहिलं ते खाणं आणि तिथेच घोडं अडलंय. नवरा मूळचा मालवणचा, मासे म्हटलं की त्याला दुसरं काही सुचत नाही. सासूबाईपण पूर्वी खायच्या, आता माळ घातलीय त्यामुळे मासे मटण अंडं सगळं बंद, कांदा लसूण चालतो (एकादशी सोडून). लेकीचं काही खरं नाही, जे दिसेल त्याला नाही म्हणते. मी सगळं खाते पण रोज पिझ्झा पास्ता नको. गूगलवर शोधलं की दरवेळी तीच दहा ठिकाणं येतात आणि प्रत्येकाखाली अर्धे लोक म्हणतात स्वर्ग, अर्धे म्हणतात लुटलं. तिथे राहिलेल्या, खाल्लेल्या लोकांनी सांगा प्लीज. चौघांना एकाच टेबलावर बसून जेवता येईल अशा जागा असतील तर फारच छान.

---

खादाडराव

सोप्पंय. बेलें भागात पास्तेइश द बेलें या दुकानात नाता म्हणजे कस्टर्डची छोटी टार्ट खायची, १८३७ पासून चालू आहे. रात्री रामीरूमधे कोळंबी आणि खेकडे. एक दिवस टाइम आउट मार्केट, तिथे चौघांना चार वेगवेगळ्या काउंटरवरून घेता येतं म्हणजे तुमचा प्रश्नच मिटला. रोशिओ चौकाजवळ जिंजिन्या (चेरीचं मद्य) प्यायची. झालं लिस्बन. सगळीकडे रांग असते, पण रांग आहे म्हणजे माल चांगला.

---

निळी_फरशी

रांग आहे म्हणजे माल चांगला हे बायशात तरी लागू नाही राव. मी इथेच नोकरीला आहे, आर्रोयशमधे राहते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

पहिली गोष्ट, मुख्य जेवण दुपारी करा. संध्याकाळी नाही. इथली हापिसातली माणसं साडेबारा ते अडीच-तीनच्या मधे गल्लीतल्या तास्कामधे जेवतात, तास्का म्हणजे छोटी घरगुती खानावळ, कागदी टेबलक्लॉथ, कोपऱ्यात टीव्ही चालू, मालक काउंटरवर आणि बायको किंवा बहीण आत स्वयंपाकात. दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, त्यावर प्रातू दू दिया म्हणजे आजचे पदार्थ, चार-पाचच. सकाळी जे ताजं आलं ते. साधारण दहा-बारा युरोत पोट फुटेस्तोवर, आणि बऱ्याच ठिकाणी मैया दोझ म्हणजे अर्धी प्लेट पण मिळते जी आपल्या एका माणसाला पुरून उरते. तोच मासा रात्री पर्यटकांच्या रस्त्यावर दुप्पट पैशात आणि त्याच्यात जीव नसतो.

दुसरी, बायशात राहा पण बायशात जेवू नका. रुआ आउगुश्ता आणि पोर्ताश द सांतू आंताँव या दोन रस्त्यांवर माणूस बाहेर उभा राहून हातात फोटोवालं मेनूकार्ड घेऊन बोलावतो ना, तिथून सरळ पुढे निघायचं. ज्याचं जेवण चांगलं त्याला दारात माणूस उभा करावा लागत नाही. मेट्रोची हिरवी लाइन पकडून आंजुश, आर्रोयश, आल्व्हालाद कुठेही उतरा नाहीतर २८ नंबरच्या ट्रामने दुसऱ्या टोकाला कांपू द ओरीककडे जा, तिथे राहणाऱ्या लोकांचीच वस्ती आहे, छान बाजारपण आहे आणि बाजारात बसून खायची सोय.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची कारण सगळे इथेच चिडतात. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज आणून ठेवतील. न मागता. हे कुव्हेर. फुकट नाही, खाल्लं की बिलात लागतं. पण ही फसवणूक नाहीये, इथली पद्धतच आहे, आणि कायद्याने न मागितलेलं आणि हात न लावलेलं काहीही बिलात लावता येत नाही, तसं मेनूकार्डवर लिहिलेलं पण असतं. नको असेल तर घेऊन जा म्हणायचं, कोणी तोंड वाकडं करत नाही. (आम्ही चीज ठेवतो आणि लोणी परत पाठवतो.)

आणि तुमच्या तारखा बघून एक. १० जून राष्ट्रीय सुट्टी आणि १३ जून लिस्बन शहराची सुट्टी. त्या दिवशी छोट्या तास्का बंद असू शकतात, रविवारी तर बऱ्याच असतातच. त्यामुळे दुपारच्या जेवणाचं नियोजन मधल्या दिवसांत करा.

---

खादाडराव

टाइम आउटवर काहीच बोलला नाहीत? आम्ही तर रोज तिथेच जेवलो.

---

निळी_फरशी

बोलते की. वाईट नाहीये. २०१४ पासून आहे, रिबैराच्या जुन्या बाजाराच्या अर्ध्या भागात, नावाजलेल्या शेफांचे काउंटर एका छताखाली. पण एक वाजता जाऊन बघा, ट्रे हातात घेऊन जागा शोधत उभं राहायचं, शेजारच्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून. सासूबाईंना घेऊन? आणि गंमत अशी की त्याच इमारतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सकाळी खरा बाजार भरतो, भाजी, फळं, मासे, तिकडे कोणी फिरकत नाही. सकाळी जा, जूनमधे चेरी असतात, त्या घ्या आणि बाहेर नदीवर जाऊन खा.

---

रापण

मालवणी माणसाचा प्रश्न आहे म्हणून बऱ्याच महिन्यांनी लॉगिन केलं.

वहिनी, तुमच्या मिस्टरांना सांगा अख्ख्या युरोपियन युनियनमधे माणशी सगळ्यात जास्त मासे पोर्तुगीज खातात. योग्य जागी चाललात. आता क्रमाने सांगतो.

एक नंबर अमैजुआश आ बुल्याँव पातू. तिसऱ्या. आपल्या तिसऱ्याच, फक्त खोबरं नाही, ऑलिव्ह तेलात लसूण, थोडी व्हाइट वाइन, वरून लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. होय कोथिंबीर! बाकी युरोपात पार्सली पार्सली करून जीव जातो, इथे लिस्बन आणि खालच्या आलेंतेझू भागात कोथिंबीर घालतात. एकोणिसाव्या शतकातल्या एका कवीच्या नावावरून पदार्थाचं नाव पडलंय. रस्सा पावाने पुसून खायचा, अजिबात लाजायचं नाही, सगळे तेच करतात.

दोन, तारली. सार्दीन्याश. जूनमधे चरबी धरते म्हणून याच दिवसात खायची, कोळशावर भाजलेली, फक्त जाड मीठ. मसाला शोधू नका, नाहीये आणि लागत पण नाही. पावाच्या स्लाइसवर ठेवतात, माशाचं तेल पावात मुरतं, मासा संपला की तो पाव खायचा. एरवी गोठवलेली मिळते त्यात राम नाही.

तीन, कारापाऊ नावाचे छोटे मासे तळलेले, काट्यासकट कुरकुरीत, बरोबर टोमॅटोचा पातळसर भात. हे फॅन्सी हॉटेलात सापडणार नाही, निळी_फरशी म्हणतायत त्या तास्कातच. याच्यासाठी मी परत जाईन.

मग पोल्व्हू आ लागारैरू म्हणजे ऑक्टोपस, ऑलिव्ह तेलात बुडवलेला, बरोबर ठेचून भाजलेले बटाटे. आणि आर्रोश द मारीश्कू, कोळंबी खेकडा शिंपल्या घातलेला रसरशीत भात, पातेल्यातच आणून ठेवतात, दोघांसाठी म्हणतात पण तिघं जेवतात.

बाकल्याव हा खारवून वाळवलेला कॉड, तो पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही, नॉर्वेकडून येतो, तरी यांचा राष्ट्रीय मासा. एकदा खाऊन बघा, आ ब्राश हा प्रकार घ्या, त्यात माशाचे धागे, सळ्यांसारखे तळलेले बटाटे आणि अंडं एकत्र परतलेलं असतं, लिस्बनच्याच बाइरू आल्तूमधला पदार्थ आहे. मौरारियात झे दा मौरारिया म्हणून जागा आहे, तिथला बाकल्याव भाजलेला आणि आकाराने अवाढव्य, एक प्लेट दोघांत घ्या.

दोन सूचना. सोमवारी ताजा मासा शोधत फिरू नका, रविवारी बोटी जात नाहीत. आणि खेकडा, शेवंड, मोठी कोळंबी, पेर्सेबश (खडकाला चिकटून वाढणारा शिंपल्यासारखा प्रकार) हे सगळं किलोच्या भावात असतं, कार्डावरचा आकडा प्लेटचा नसून किलोचा आहे हे बघून मगच मान हलवा. वजन करून दाखवा म्हणायचं, दाखवतात. आमच्या ग्रुपला नदीकाठच्या एका हॉटेलात हे न विचारल्याचा असा दणका बसला की परतीच्या विमानात पण तोच विषय होता.

रामीरूबद्दल खादाडरावांशी सहमत. महाग आहे, रांग आहे, तरी जावं. १९५६ पासूनचं आहे. शेवटी गोडाच्या ऐवजी प्रेगू म्हणजे पावात बीफ घेतात, त्यांची पद्धत. तुम्हाला चालत नसेल तर सोडा.

---

भटकी_मांजर

वाखुसा (वाचनखूण साठवली). रापण यांचा प्रतिसाद उपाशीपोटी वाचला, चूक झाली.

---

चिमणीचं_घरटं

रापण, नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतोय एक्सेल फेकून दे. पण सासूबाईंचं काय??? कोणीतरी बोला. आणि नाता तरी चालेल का त्यांना? त्या केकमधल्या अंड्याची चौकशी करत नाहीत, आम्ही पण सांगत नाही.

---

सुगरण_नाही_मी

शाकाहाराचं मी सांगते, माझी आई बरोबर होती.

आधी नाताचं, कारण सगळ्यांचा जीव त्यात. स्पष्ट सांगते, चालणार नाही. केकमधे अंडं लपतं, इथे आतलं सगळं सारण म्हणजे पिवळ्या बलकाचं कस्टर्ड आहे. इथल्या बहुतेक गोडाचं असंच. पूर्वी मठातल्या नन्स पांढऱ्याने कपड्यांना खळ करायच्या आणि बलक उरायचे, त्याची मिठाई करायच्या अशी गोष्ट सांगतात. बेलेंचं दुकान पण शेजारच्या जेरोनिमुश मठाच्या पाककृतीवर चालतं, १८३४ मधे मठ बंद झाले आणि मग ती बाहेर आली. तुम्ही माळकरी बाईंना न सांगता खायला घालणार असाल तर कृपया नका करू, त्यांना विचारा, त्यांचा निर्णय त्यांचा. आईला मी विचारलं, ती म्हणाली मला नको, तुम्ही खा, आणि मजेत कॉफी पीत बसली.

आता जेवण. तास्कामधे सूप जवळजवळ रोज असतं, स्वस्त आणि पोटभर. पण नाव ऐकून फसू नका, काल्दू व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप दिसायला अगदी सात्त्विक, आणि वर चोरीसूची म्हणजे डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. चकती काढून टाकली म्हणजे शाकाहारी झालं असं त्यांना मनापासून वाटतं. सोपा द लेगूमश म्हणजे भाज्यांचं सूप मागा आणि मांसाचा स्टॉक आहे का विचारा. एका कागदावर लिहून न्या: सैं कार्न, सैं पैश, सैं ओव्हुश (मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत). शिवाय सैं फियांब्र, कारण हॅम म्हणजे मांस हे सगळ्यांच्या डोक्यात नसतं.

पैशिन्यूश दा ओर्ता नक्की मागा. नाव मासळीचं पण मासा अजिबात नाही, फरसबीच्या अख्ख्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या, म्हणजे भजीच. जपानी तेंपुराचं मूळ हेच म्हणतात, सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिकडे घेऊन गेले. मात्र पिठात अंडं घालतात बऱ्याच ठिकाणी, ते विचारून घ्या.

चीज! हे फार कमी लोकांना माहीत असतं. युरोपातल्या कितीतरी चीजमधे वासराच्या पोटातलं रेनेट असतं, म्हणून आई हात लावत नाही. पण सेर्रा दा इश्त्रेला, अझैताँव, सेर्पा ही मेंढीच्या दुधाची चीजं इथे काटेरी रानफुलाच्या केसरांनी विरजतात, पूर्ण वनस्पतिजन्य. वरचा पापुद्रा कापून आतलं मऊ चमच्याने काढून पावावर. त्यात भाजलेले बटाटे, परतलेला पाला, सॅलड (ट्यूना काढायला सांगून) असं जोडत जेवण होतं.

पूर्ण शाकाहारी हवं तर रुआ दू सालीत्रवर उश तिबेतानुश आहे, तिबेटी बौद्ध केंद्राला जोडून, मागे छोटी बाग, तिथे चौघं आरामात बसाल. आणि लुमियारला राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या कँटीनमधे गुजराती जेवण मिळतं. दीव आणि मोझांबिकहून आलेली गुजराती मंडळी खूप आहेत इथे. पोर्तुगीज लोकपण जेवायला येतात. तेल्यैराश मेट्रोपासून टॅक्सी केलेली बरी. जेवणाच्या वेळा आधी फोन करून विचारा.

बरोबर भाजणी, मेतकूट, चिवडा न्या. तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपियन युनियनमधे बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे.

---

म्हापसेकार

अरे गोंयकारांची कोणी आठवणच काढली नाही! लिस्बनमधे गोव्याचं जेवण मिळतं, आणि चांगलं मिळतं. मौरारियात तेंतासोंइश द गोआ आहे, रुआ द साँव झुझेवर जेझुश ए गोएश, रुआ दा पाझवर कांतीन्यू दा पाझ. शागुती, बालचांव, सोरपोतेल, कोळंबीची करी, शेवटी बेबिंक.

---

खादाडराव

पुण्याहून लिस्बनला जायचं आणि तिथे शागुती खायची? गोवा एक्सप्रेसचं तिकीट स्वस्त पडेल.

---

म्हापसेकार

तुमका कळूंक ना राव. ते हॉटेल पर्यटकांसाठी काढलेलं इंडियन रेस्टॉरंट नाही. १९६१ नंतर कितीतरी गोवेकर कुटुंबं तिकडे गेली, काही आधी आफ्रिकेत होती ती मोझांबिक आणि अंगोला १९७५ मधे स्वतंत्र झाल्यावर आली. येताना स्वयंपाक घेऊन आली. माझी मावशी त्यातलीच. त्यामुळे कुठल्याही साध्या पास्तेलारियाच्या (बेकरी-कॅफेच्या) काचेच्या कपाटात क्रोकेट आणि रिसोलच्या शेजारी शामूसा म्हणजे आपला समोसा ठेवलेला दिसतो आणि कोणाही पोर्तुगीजाला तो परका वाटत नाही. आठ वर्षं पंतप्रधान असलेल्या आंतोनियू कोश्ताचे वडील गोव्याच्या घराण्यातले. हे लिस्बनचंच जेवण आहे. व्हिंदाल्यू तिथूनच आपल्याकडे आलं आणि मिरची मसाला लावून परत गेलं, ते तिथे बसून खाण्यात मजा आहे.

वहिनी, शामूसा सासूबाईंना देऊ नका, बहुतेक ठिकाणी आत मांस असतं.

---

निळी_फरशी

म्हापसेकारांना +१. जानेवारीत पाऊस लागला की आम्ही करी-भातालाच जातो. साधं भारतीय हवं असेल तर मार्तीं मोनीशमागे रुआ दू बेंफोर्मोझू, बांगलादेशी आणि नेपाळी दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-हिंग सगळं मिळतं. पण तिथल्या खानावळीत भाजी आणि मटणाचा झारा एकच असेल, माळकरी माणसाला मी नेणार नाही.

चिमणी, अजून एक राहिलं. १२ जूनची रात्र म्हणजे सांतू आंतोनियू, १३ ला त्यांचा दिवस. हे संत लिस्बनमधेच जन्मले. आल्फामा, ग्रासा, मौरारिया, प्रत्येक गल्लीत दारात शेगड्या, तारली भाजणं, बिअर, नाच, पहाटेपर्यंत. तुमच्या मिस्टरांना याहून चांगली रात्र मिळणार नाही. सासूबाईंना मात्र बिलकुल नेऊ नका, धुराने कपड्यांना दोन दिवस वास राहतो. त्यांना दुपारी नेऊन मांजेरीकू दाखवा, बारीक पानांच्या तुळशीची छोटी कुंडी, त्यात कागदी फूल आणि दोन-चार ओळींची कविता टोचलेली. या दिवसात सगळीकडे विकतात. नाक लावून वास घ्यायचा नसतो, तळहात फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा.

---

टेकडीवरचा

फादू म्हणजे इथलं पारंपरिक गाणं ऐकत जेवायचं असेल तर दोन्हीची अपेक्षा एकत्र ठेवू नका. गाणं चांगलं असतं तिथे जेवण यथातथा आणि माणशी किमान इतकं खा असं बंधन. आम्ही आधी जेवून मग बाइरू आल्तूमधे ताश्का दू शिकूला गेलो, उभं राहून ऐकलं. गाणं सुरू झालं की दिवे मंद करतात आणि कोणी काटा-चमचासुद्धा वाजवत नाही, ९ वर्षाच्या मुलीला जमेल का बघा.

जिंजिन्या रोशिओच्या मागे लार्गू द साँव दोमिंगुशला, १८४० पासूनची एवढीशी खिडकी. आंबट चेरीचं मद्य, चेरीसकट की चेरीशिवाय असं विचारतात. सकट घ्या.

---

भटकी_मांजर

कॉफीचं कोणीच लिहिलं नाही? आ ब्राझिलैरा (१९०५) आणि मार्तीन्यू दा आर्काडा (१७८२), दोन्हीकडे कवी पेसोआ बसायचा, पहिल्यासमोर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. फोटो काढा, आणि कॉफी आत काउंटरला उभं राहून घ्या, बाहेरच्या टेबलाचा दर वेगळा. एस्प्रेसोला बीका म्हणायचं, दूधवाली हवी तर गालाँव, ग्लासात येते. सकाळी गालाँव आणि तोर्राडा म्हणजे जाड पावाचा लोण्याने निथळणारा टोस्ट, हा नाश्ता सासूबाईंना पण चालेल.

नाता माझ्या मते बेलेंपेक्षा मांतैगारियाची सरस. गरम घाणा निघाला की घंटा वाजवतात. बेलेंला गेलातच तर बाहेरच्या रांगेत उभं राहू नका, ती पार्सलची, आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागे खोल्या आहेत, सरळ आत शिरा.

---

खादाडराव

मांतैगारिया बेलेंपेक्षा सरस??? वेगळा धागा काढा, तिथे बोलतो.

---

चिमणीचं_घरटं

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. सासूबाईंना नाताचं खरं सांगितलं, म्हणाल्या मला आधीच शंका होती, केकचं पण खरं सांगा आता. त्यावर पुढची चर्चा घरात चालू आहे. १२ ला नवरा आणि मी आल्फामात, त्या आणि लेक हॉटेलवर असं ठरतंय. लेकीसाठी काय? तिला मासा काट्यासकट समोर आला तर ती उठून जाईल.

---

निळी_फरशी

फ्रांगू आसादू, कोळशावर भाजलेली कोंबडी आणि चिप्स, कुठलंही मूल खातं. बोंझार्दीं म्हणून जुनं ठिकाण आहे, तुमच्या हॉटेलपासून चालत. (हो, पोर्ताश द सांतू आंताँवच्याच आडव्या गल्लीत, तेवढा अपवाद.) पिरीपिरीचं तिखट तेल वेगळ्या वाटीत देतात, ते तुमच्याकडे ठेवा. आणि पास्तेलारियात तिला पाँव द देउश घेऊन द्या, वर खोबऱ्याचा थर असलेला गोड बन. अंडं आहे त्यात, म्हणजे आजीला नको.